वाचनालयाची पिशवी कोपीपर्यंत गेली पाहिजे

मोळी पडली, गव्हाण फिरू लागली आणि संध्याकाळी चिमणीचा धूर गावावरून सरकू लागला की आपल्या भागात वर्ष सुरू झाले असे आम्ही समजतो; कॅलेंडर काहीही सांगो. हंगामाच्या तोंडावर बैठकांची गर्दी असते. ऊसनोंदी, तोडणी कार्यक्रम, वाहनांचे करार, रस्त्यांचे खड्डे, एक ना दोन. त्या गर्दीत यंदा आम्ही एक अगदी लहान विषय सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. विषय आहे आपल्या वाचनालयाच्या बालविभागातून मुलांना घरी न्यायला द्यावयाच्या हस्तकलेच्या पिशव्यांचा.

हे वाचून काही सभासद हसतील. एका ज्येष्ठ सभासदांनी तर आम्हाला तोंडावरच विचारले, "आवो, उसाला भाव किती ते सांगायचं सोडून तुम्ही कागद-कात्री काय घिऊन बसलाय?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. भावाचा विषय मोठा आहे आणि त्याची जागा सर्वसाधारण सभेत आहे. पण मोठे विषय संपतील तेव्हा लहान विषय घेऊ म्हटले तर लहान विषयांची पाळी कधीच येत नाही. शिवाय ज्यांच्यासाठी हा विषय आहे ती मुले हंगाम संपताच इथून निघून जाणार आहेत. पाच-सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणून आत्ताच लिहीत आहोत.

पिशवी म्हणजे काय, हे आधी सांगतो. एका कागदी पिशवीत एकच वस्तू बनवायला लागेल तेवढे सामान घालायचे, कसे करायचे त्याची चित्रे काढलेला एक कागद घालायचा आणि जोडीला त्याच विषयाचे एखादे गोष्टीचे पुस्तक मुलाच्या नावावर द्यायचे. मूल पिशवी घरी नेते, आपल्या सवडीने वस्तू बनवते, पुस्तक वाचून परत आणते. त्यात वर्ग, परीक्षा, स्पर्धा, बक्षीस काही नाही. २०२० साली साथीमुळे सगळीकडे कुलपे लागली, तेव्हा परदेशांतल्या कितीतरी ग्रंथालयांनी मुलांना दारातूनच अशा पिशव्या दिल्या. कुलपे निघाली तरी पुष्कळ ठिकाणी ही पद्धत राहिली. कारण वाचनालयात येऊन दोन तास बसणे ज्या मुलांना जमत नाही, त्यांच्यापर्यंतही पिशवी पोचते, हे तेव्हा लक्षात आले.

आपल्या वाचनालय समितीने गेल्या हंगामात हा प्रयोग केला. तो कसा फसला हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

गेल्या वर्षीची चूक

समितीत आम्हीही होतो, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणावर ढकलण्याचे कारण नाही. आम्ही शहरातल्या एका दुकानातून तयार पुडकी आणली. वरून झकपक रंगीत खोका, आत चमकीचे कागद, प्लॅस्टिकचे डोळे, रंगीत पिसे. एका खोक्याला ऐंशी रुपये पडले. पैसे मर्यादित, म्हणून चाळीसच खोकी आली. वाटप रविवारी सकाळी वाचनालयात ठेवले. वसाहतीतली मुले आईबापांसह आली आणि तासाभरात खोकी संपली. फोटो निघाले. आम्ही खूश.

साखर शाळेतल्या गुरुजींच्या आग्रहावरून सहा खोकी बाजूला ठेवली होती. ती त्यांनी ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांवर नेऊन दिली. चार दिवसांनी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी, कडेवर धाकटा भाऊ घेऊन, वाचनालयाच्या दाराशी आली. खोका जसाच्या तसा परत आणला होता. फक्त वरचा कागद उघडलेला. आम्ही विचारले, "का गं, आवडलं नाही का?" ती म्हणाली, "आवडलं की. पर ह्येच्यात कात्रीनं काप म्हनून चित्र हाय. आमच्याकडं कात्री न्हाई सर. कोयता हाय."

त्या खोक्यात कात्री नव्हती, डिंक नव्हता, रंग नव्हता. 'घरातील साहित्य वापरा' असे बारीक अक्षरात छापलेले होते. ज्याने ते छापले त्याच्या डोळ्यांसमोर एक घर असणार: टेबल, दिवा, कात्री, डिंकाची बाटली असलेले घर. आम्ही ते विकत आणले तेव्हा आमच्याही डोळ्यांसमोर तेच घर होते, याची आम्हाला लाज वाटते. चूक दुकानदाराची नव्हती. आपल्याच गावाच्या शिवारात, आपल्याच कारखान्याच्या भिंतीला लागून जी शंभर-दीडशे घरे दर हंगामात उभी राहतात, ती आम्ही घरांत मोजली नव्हती.

आपल्या नोंदवहीत 'कोयता' म्हणजे एक जोडी, नवरा-बायको. अमुक टोळीत इतके कोयते, मुकादमाने इतक्या कोयत्यांची उचल घेतली, हा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. त्या जोडीमागे कोपीत कोण राहते, याचा रकाना आपल्या वहीत नाही. पहाटे तीन-चारला आईबाप फडात गेले की धाकट्याला सांभाळणारी, पाणी भरणारी, जमलेच तर शाळेत जाणारी ती मुलगी आपल्या कुठल्याच हिशेबात बसत नाही.

हे काम वाचनालयाचे आहे का?

काहींचे म्हणणे असे की वाचनालयाने पुस्तके द्यावीत, हस्तकला शाळेकडे सोपवावी. यावर आम्हाला दोन जुन्या गोष्टी आठवतात.

पहिली बैलगाडीची. १९३१ साली तामिळनाडूतील मन्नारगुडी येथे बैलगाडीत पुस्तके भरून ती खेडोपाडी नेणारे फिरते ग्रंथालय सुरू झाले. त्याच्याही आधी, १९१० नंतर, सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविण्याची पद्धत होती. वाचक ग्रंथालयात येत नसेल तर ग्रंथालयाने उठून वाचकाकडे जावे, हा विचार आपल्याकडे चांगला शंभर वर्षांचा आहे. बैलगाडीचे महत्त्व आपल्या कारखान्याला कोणी नव्याने सांगायला नको.

दुसरी गोष्ट ताराबाई मोडकांची. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे ते काम कोसबाडला गेले आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर चालविले. परदेशी पद्धतीची महागडी शैक्षणिक साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. या बायांनी खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या घेऊन तेच शिकवून दाखविले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांच्याच अंगणात शाळा भरविली. आज अंगणवाडी हा शब्द सरकारी कागदावर इतका रुळला आहे की त्यातले अंगण आपल्याला दिसतच नाही. आम्ही म्हणतो ती पिशवी त्याच घराण्यातली आहे.

आणखी एक. सहकाराचे मूळ शोधायला गेले की रॉकडेलचे नाव निघते. १८४४ साली इंग्लंडमधल्या त्या गावात विणकर-कामगारांनी टोड लेनवर दुकान काढले. पहिल्या दिवशी विकायला होते काय, तर पीठ, लोणी, ओटचे पीठ, थोड्या मेणबत्त्या आणि साखर. याच दुकानाने पुढे नफ्यातले अडीच टक्के सभासदांच्या शिक्षणासाठी बाजूला काढले आणि दुकानाच्या जोडीला वाचनखोली व ग्रंथालय चालविले. दुकान आणि वाचनालय ही सहकाराची जुळी भावंडे आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, तोसुद्धा ग्रंथालय सर्वांचे ही गोष्ट धरूनच. त्या 'सर्वांत' कोपी येते की नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे.

यंदा कसे करावे

नुसते उपदेश करून थांबलो तर गेल्या वर्षीचाच प्रकार व्हायचा. म्हणून समितीत बसून, भांडून, दोनदा हिशेब फाडून जे ठरले ते येथे देत आहोत.

पहिली अट: पिशवीबाहेरचे काहीही लागता कामा नये. कात्री नको, डिंक नको, विजेचा दिवा नको, टेबल नको. जे कापायचे ते वाचनालयातच कापून घालायचे. कार्डशीट हाताने कापत बसायचे कारण नाही. आपली पत्रके छापणाऱ्या तालुक्याच्या छापखान्यात कागद कापायचे यंत्र असते. त्यावर गठ्ठाच्या गठ्ठा एका दणक्यात कापून मिळतो. ज्या मोठ्या मुलांना स्वतः कापायची हौस आहे त्यांच्यासाठी बोथट टोकाच्या वीस कात्र्या घ्यायच्या आणि त्या पुस्तकासारख्या आठ दिवसांच्या बोलीने घरी द्यायच्या. कात्री परत आली नाही तर? एखादी येणार नाही. पुस्तकेही कधी कधी येत नाहीत.

दुसरी अट: एका पिशवीत दोघांचे काम असावे. कोपीतली मुलगी एकटी बसून काही करू शकत नाही. धाकटे भावंड मांडीवर असतेच. म्हणून दर पिशवीत मोठ्यासाठी एक वस्तू आणि धाकट्यासाठी रंगवायचे एक जाड चित्र व दोन खडू. नाहीतर धाकटे रडणार आणि मोठीचे काम अर्धे राहणार.

तिसरी अट जिवाची आहे. मुले काहीही तोंडात घालतात, नाकात घालतात. तेव्हा लहानांच्या पिशवीत मणी, चिंचोके, गोट्या नकोत. काही हौशी मंडळींनी सजावटीला गुंजा सुचविल्या. दिसायला त्या सुरेख, पण गुंज चावून पोटात गेली तर जीव जाऊ शकतो. एरंडाच्या बीचेही तसेच. या दोन्ही पिशवीत औषधालाही नकोत. चिकटविण्याच्या खळीची गोष्टही ध्यानात ठेवावी. पुस्तके बांधणारे लोक खळ टिकावी, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विष आहे. मुलांच्या कामाला नुसती पिठाची खळ करावी, ती आंबली की फेकून द्यावी. त्याहून सोपे म्हणजे भाताची शिते. आपण सगळ्यांनी लहानपणी पतंग त्यावरच चिकटविले आहेत.

चौथी अट: चित्रे बोलकी, अक्षरे थोडी. सूचनांचा कागद असा असावा की अक्षरओळख नसलेल्या आईलाही तो पाहून पोराला मदत करता आली पाहिजे. छापण्याआधी तीन मुलांना तो द्यावा: एक वसाहतीतले, एक गावातले, एक कोपीवरचे. आपण बाजूला गप्प बसावे आणि मूल कुठे अडते ते पाहावे. जिथे अडेल ते चित्र पुन्हा काढावे. मुलाला समजावून सांगायचा मोह आवरावा, कारण पिशवीबरोबर आपण घरी जाणार नाही.

पाचवी अट खर्चाची. एका पिशवीला आठ रुपयांच्या वर जायचे नाही. आपल्या बाजारपेठेतल्या भावाने दिवाळीच्या पिशवीचा हिशेब असा बसतो: पतंगी कागद दीड रुपया, कार्डशीटचा पाव तुकडा अडीच रुपये, दोन खडू दोन रुपये, सूचनांचा कागद एक रुपया, खराट्याच्या काड्या पन्नास पैसे, रद्दीच्या कागदाची पिशवी पन्नास पैसे. एकूण आठ रुपये. पोती शिवण्याच्या दोऱ्याचे तुटके गोदामात पडलेले असतात, ते फुकट.

हंगामात चार वेळा, दर वेळी दीडशे पिशव्या धरल्या तर सहाशे पिशव्यांचे चार हजार आठशे रुपये होतात. वीस कात्र्यांचे पाचशे. एकंदर पाच हजार तीनशे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरविला. त्या दराने, तोडणी-वाहतूक वजा न करता, हा सगळा खर्च दीड टन उसाचा आहे. एक टायरगाडीसुद्धा भरायची नाही. गेल्या वर्षी चाळीस खोक्यांना बत्तीसशे रुपये गेले होते, हेही जाता जाता नमूद करतो.

एक सूचना कार्यालयासाठी. एका बाजूने कोरे असलेले कागद मुलांच्या वह्यांना फार उपयोगी पडतात आणि कार्यालयात ते ढिगाने निघतात. पण ज्या कागदावर सभासदाचे नाव, खाते, आधार क्रमांक किंवा बिलाची रक्कम आहे असा एकही कागद पिशवीत जाता कामा नये. निवडायला एक जबाबदार माणूस बसवावा. काटकसर करताना दुसऱ्याची अब्रू खर्ची पडू नये.

चार पिशव्या

दिवाळीला टोळ्या नुकत्या उतरलेल्या असतात. सण फडाच्या बांधावर होतो. तेव्हा पहिली पिशवी छोट्या आकाशकंदिलाची. आत दिवा लावायचा नाही, नुसता टांगायचा. कोपी पाचटाची असते, एवढे सांगितले तरी पुरे.

दुसरी पिशवी डिसेंबरात. हिचे श्रेय अरविंद गुप्ता यांना. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेल्या या अभियंत्याने १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात उडी घेतली आणि पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांना शिकविली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, गूल काढलेल्या काड्या त्यांत दोन्हीकडून खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण, चार काड्यांचा चौकोन. चौकोन बोटाने दाबला की लवंडतो, त्रिकोण काही केल्या लवंडत नाही. एवढे हाताला कळले की मुलांना आपल्या साखर गोदामाकडे न्यावे आणि छताच्या कैच्यांकडे बोट दाखवावे. एवढे मोठे छत मधल्या खांबांवाचून का उभे आहे, हे मग त्यांना शिकवावे लागत नाही. आम्ही आगपेटीऐवजी खराट्याच्या काड्या घालणार आहोत. कोपीत गूल असलेली पेटी खेळायला नको.

तिसरी पिशवी संक्रांतीची, भिरभिऱ्याची. आणि इथे आम्हाला एक धडा मिळाला, तो सांगितलाच पाहिजे. भिरभिऱ्याला टाचणी कशी द्यावी, लहान मुलांच्या हातात टाचणी बरी नव्हे, यावर समितीत अर्धा तास चर्चा झाली. नमुना दाखवायला म्हणून कोपीवरची दोन-तीन मुले बोलावली होती. त्यांत ती गेल्या वर्षीची मुलगीही होती. टोळी यंदाही आपल्याकडेच आली आहे. ती म्हणाली, "टाचनी कशाला लागती? बाभळीचा काटा घ्या की." बाहेर गेली, काटा घेऊन आली. ज्वारीच्या ताटाचे चिपाड सोलले, आतले भेंड काढले, काटा भेंडात रुतवला आणि कागद फिरायला लागला. तेवढ्यावर न थांबता त्याच भेंडाची दोन चाके, चिपाडाचे जू आणि साटा करून तिने बैलगाडी उभी केली. वसाहतीतली मुले तोंड उघडे टाकून बघत होती. ती खेळण्यांच्या दुकानात वाढलेली. भेंड म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते.

तेव्हापासून आमच्या बोलण्यातला 'त्या मुलांना आपण देऊ' हा सूर बदलला. द्यायचे आहे तसे घ्यायचेही आहे. काट्याचे काम दहा वर्षांवरील मुलांनाच, एवढी दुरुस्ती करून तिसरी पिशवी त्या मुलीच्या पद्धतीने करायची ठरली आहे. सूचनांच्या कागदावरची चित्रे तिच्या हातांकडे पाहूनच काढली आहेत.

चौथी पिशवी शिमग्याच्या सुमारास, पट्टा पडायच्या आधी. तिच्यात कोरे कागद, जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, आधीच पाडलेली भोके आणि दोरा. मुलाने ती वही स्वतः शिवायची. पुस्तक कसे बांधले जाते हे त्यातून कळते आणि वाचनालयाच्या पिशवीला ते शोभतेही. ही वही हंगाम संपल्यावर मुलांबरोबर पाटोद्याला, आष्टीला, शिरूर कासारला, पाथर्डीला जाईल. तिच्यात काय लिहायचे ते मुलांनी ठरवावे.

राहिलेल्या शंका

"फुकट दिलं की किंमत राहत नाही," असे एक संचालक म्हणाले. यात तथ्य आहे, पण किंमत पैशातच वसूल होते असे नाही. पिशवीबरोबर दिलेले पुस्तक परत आणणे ही किंमत आहे. पुढच्या वेळी पिशव्या भरायला तासभर येणे ही किंमत आहे. भरण्याचे काम आपल्या मिलसारखेच चालवायचे: एका टेबलावर कागद, पुढच्यावर काड्या, त्यापुढे खडू, शेवटी मोजणी आणि शिलाई. बारा माणसे बसली तर दीडशे पिशव्या एका संध्याकाळी भरून होतात. निवृत्त कामगार, बचत गटाच्या भगिनी, हायस्कूलची मुले यांनी नावे द्यावीत.

"आजकालच्या पोरांना मोबाईल पुरतो," असेही कोणी म्हणाले. मोबाईल कोपीतही पोचला आहे, हे खरे. रात्री बापाच्या हातातला तो एकच फोन तीन पोरे डोकी लावून पाहतात. आम्ही त्याच्याशी भांडायला निघालेलो नाही. पण काटा भेंडात किती रुतवावा, कागद किती ओढला तर फाटतो, हे कळायला बोटेच लागतात. शेतकऱ्याला हे सांगायला नको. वाफशाची माती कुठली हे तो मूठ वळून पाहतो.

सगळ्यांत टोकदार शंका अशी: "ती पोरं आपली सभासद नाहीत. सभासदाच्या पैशावर त्यांना का द्यायचं?" हे उघडपणे बोलणाऱ्याचे आम्ही आभार मानतो, कारण मनात पुष्कळांच्या आहे. त्यांच्या आईबापांच्या नावावर शेअर नाही, ते आपल्या सभेला बसत नाहीत, मत देत नाहीत. पण आपल्या उसाची शेवटची मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवणारा माणूस तोच आहे. तो आला नाही तर ऊस फडात वाळतो, वजन घटते, उतारा पडतो, हे दोन आठवड्यांच्या खोळंब्यातही आपण भोगलेले आहे. त्याच्या मजुरीचा, विम्याचा, पोरांच्या शाळेचा प्रश्न आठ रुपयांच्या पिशवीने सुटत नाही. पिशवी म्हणजे त्या प्रश्नांची पावती फाडून मोकळे होणे असे कोणी समजू नये. साखर शाळा नीट चालावी, मुलांची नावे हजेरीपटावर असावीत, कोपीवर पाणी आणि दिवा असावा, ही मागणी आम्ही याच पानातून पुन्हा करणार आहोत. पण ते होईपर्यंत पोरांनी वाट पाहावी, असे म्हणायला आमचे मन धजत नाही.

म्हणून आमची मागणी तीन कलमांची आहे. वाचनालयाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी सहा हजार रुपयांची तरतूद व्हावी; सातशे रुपये भाववाढीला व मोडतोडीला धरले आहेत. दीडशे पिशव्यांपैकी निम्म्या कोप्यांवर, साखर शाळेच्या गुरुजींच्या हस्ते, कोपीवरच जाऊन द्याव्यात. आणि हंगामी मुलांना अनामत न घेता वाचनालयाचे कार्ड द्यावे.

सभासद बंधू-भगिनींनी आपापल्या परीने एवढे करावे: घरातला जुना खराटा, एका बाजूने कोरे कागद, सुती कापडाचे तुकडे, वाचून झालेली मुलांची पुस्तके वाचनालयात आणून द्यावीत. ज्वारी काढल्यावर दहा-वीस ताटे बांधावर राखून ठेवावीत. हल्ली सगळाच ऊस झाल्यामुळे आपल्या गावात ताट मिळायची मारामार आहे, हेही या निमित्ताने आमच्या लक्षात आले.

ती मुलगी पिशव्या भरायला येते म्हणाली आहे. कात्री आम्ही तिच्या नावावर आठ दिवसांच्या बोलीने लिहून ठेवली आहे.